चारशे बारा घोडे

गॅरेजच्या दारावर पाटी होती, पाटीवर नावही होतं. पण ते नाव वाचून कोणी आत आल्याचं ऐकिवात नाही. लोक एकमेकांना सांगायचे, "गाडीला जोर नाही म्हणतोस? चारशे बाराकडे टाक." आणि गाडी येऊन पडायची.

चारशे बारा हा आकडा नानांच्या निळ्या गाडीचा. बारा वर्षांपूर्वी गाड्यांच्या एका प्रदर्शनात ट्रकवर बसवलेलं डायनो आलं होतं. डायनो म्हणजे गाडीचा वजनकाटाच म्हणा. गाडी जागच्या जागी पळवायची आणि चाकांपर्यंत खरोखर किती ताकद पोचते ते मोजायचं. नानांनी गाडी चढवली, तासाभरानं उतरवली आणि हातात छापील चिठ्ठी आली: चारशे बारा हॉर्सपॉवर. ती चिठ्ठी प्लास्टिकमध्ये बंद होऊन ऑफिसच्या भिंतीवर गेली. नाना स्वतः तो आकडा कधी उच्चारत नसत. गिऱ्हाइकाची खुर्ची मात्र अशी मांडली होती की बसलेल्यानं मान वर केली की दुसरं काही दिसूच नये.

गॅरेजात महत्त्वाची माणसं तीन. एक नाना. दुसरे त्यांचे मेहुणे, बायकोचे धाकटे भाऊ, ज्यांना झाडूवाल्यापासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळे मामा म्हणत. तिसरी नानांची लेक, जिला आईबापांसकट सगळे ताई म्हणत. कामाची वाटणी सोपी होती: नाना कानानं काम करायचे, मामा तोंडानं आणि ताई लॅपटॉपवर. तिघांतल्या कोणावाचून गॅरेज चाललं असतं, यावर तिघांची उत्तरं वेगवेगळी होती आणि कोणाच्याच उत्तरात स्वतःचं नाव नव्हतं.

ताईचं काम म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले तक्ते बदलणं. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, टर्बोनं हवा किती दाबायची. हे काम गाडी उभी असताना होत नाही, तिला ओझं ओढायला लावावं लागतं. म्हणून इतकी वर्षं ते रस्त्यावर चालायचं. मामा गाडी हाकणार, ताई शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते बघत बसणार.

"मामा, चार हजारांवर धरा."

"धरलं."

"तीन हजार सहाशे झाले."

"पुढं ट्रक आलाय. त्याला सांग, चार हजारांवर धर म्हणून."

एका सकाळी एकाच रस्त्यावरून सातव्यांदा गेले म्हणून पोलिसानं अडवलं. मामांनी सांगितलं, भाचीला गाडी शिकवतोय. भाची शेजारच्या सीटवर होती. त्यानंतरचा अर्धा तास कोणी कधी सविस्तर सांगितला नाही, पण घरी आल्याबरोबर मामाच म्हणाले, की आता स्वतःचं डायनो घ्यायला हवं. शेजारचं फरशांचं गोदाम नुकतंच रिकामं झालं होतं, तेही मिळालं.

घोडं अडलं ते कोणतं घ्यायचं यावर.

त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक गाड्या नानांच्या गाडीसारख्याच, म्हणजे चारही चाकं इंजिनाच्या कामाला जुंपलेल्या आणि वरून ताकद वाढवलेल्या. अशा गाडीला चारही चाकांचं मशीन लागतं. मामांनी एक जुनं पाहून ठेवलं होतं, दोनच चाकांचं, स्वस्तातलं.

"मागच्या चाकांकडे ताकद नेणारा शाफ्ट काढायचा आणि नुसती पुढची दोन चाकं पळवायची," मामा म्हणाले. "प्रदर्शनात नाही का काढला होता?"

"नको," नाना म्हणाले. इतक्या लवकर म्हणाले की ताईनं मान वर करून पाहिलं.

मग उरले दोन प्रकार. ते ताईनं घरी जेवणाच्या टेबलावर चार वाट्या मांडून समजावले. एकात गाडी जशीच्या तशी मोठ्या रोलरांवर चढवायची, पट्ट्यांनी बांधायची आणि पळवायची. काम झटपट, पण जमिनीत खड्डा खणावा लागतो, टायर घसरतात आणि आवाज असा की शेजारचे घर बदलतील. दुसऱ्यात चारही चाकं काढून ठेवायची आणि चाकाच्या जागी, हबवर, चार खोकी बोल्टांनी जोडायची. खोकी इंजिनाला ब्रेक लावून हव्या त्या वेगावर धरून ठेवतात. खड्डा नको, घसरण नाही. पण प्रत्येक गाडीमागे पाऊण तास नुसता जोडणीत.

"म्हणजे एकात बूट घालून वजन करायचं आणि एकात अनवाणी," आई म्हणाली.

"लोकांना बूटच दाखवायचे असतात, अक्का," मामा म्हणाले.

"तुझ्याकडं बघून कळतंय ते."

ताईनं नानांना विचारलं, "तुम्ही काय म्हणता?"

"आपली गाडी दोन्हीकडे नेऊ. ज्याच्यावर बरोबर दाखवेल ते घेऊ."

"बरोबर म्हणजे?"

"बरोबर म्हणजे बरोबर," नाना म्हणाले आणि वाट्या गोळा करायला लागले. लग्नाला तीस वर्षं झाली होती. या काळात नानांनी टेबल आवरल्याची ही दुसरी वेळ.

अर्थ सगळ्यांना समजला. काटा विकत घ्यायला निघालेल्या माणसानं वजन घरीच ठरवलं होतं. आणि त्यात त्यांना दोष कसा द्यावा? नव्या मशीननं चारशे बाराच्या जागी काही भलतंच दाखवलं, तर गॅरेजला हाक कोणत्या नावानं मारायची हा प्रश्न होता. ताईची अडचण उलटी होती. मालकाची मर्जी राखणारं मशीन आलं तर पुढची वीस वर्षं तिला त्याच्याच शेजारी उभं राहून, त्याच्यावर विश्वास ठेवून, लोकांच्या इंजिनात हात घालायचा होता. मशीन चुकलं तर आकडा भिंतीवर राहतो, पिस्टन मात्र वितळतो.

रोलरवाल्यांचं शोरूम काचेचं होतं. सेल्समनच्या गळ्यात टाय आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी सर; मामांसाठी दोनदा. बाहेर कडाक्याची थंडी आणि मशीनला मोकळी हवा लागते म्हणून हॉलची दोन्ही शटरं उघडी. सगळे स्वेटरांत हात खुपसून उभे. निळी गाडी रोलरांवर चढली, चार पट्ट्यांनी बांधली गेली, आणि सेल्समननं तब्येतीची चौकशी करावी तशा सुरात विचारलं, "एरवी किती करते सर?"

"चारशे बारा," मामा म्हणाले. पोराचे मार्क सांगताना माणूस जसा आवाज मुद्दाम खाली आणतो, तसा त्यांनी आणला.

"वा. मग पहिली फेरी नुसती गरम करायला सर. ती धरायची नाही." आणि त्यानं स्क्रीन थोडासा आपल्याकडे वळवून घेतला.

ती न धरायची फेरी झाली. मग धरायच्या तीन झाल्या. प्रत्येक फेरी जेमतेम आठ सेकंदांची, पण त्या आठ सेकंदांत रोलर असे गडगडायचे की छातीतल्या बरगड्या हलाव्यात. पहिल्यांदा चारशे अकरा. दुसऱ्यांदा चारशे बारा. तिसऱ्यांदा चारशे बारा. मामांनी टाळ्या वाजवल्या. हातमोजे घातलेले असल्यामुळे त्या ऐकू आल्या नाहीत.

ताई सेल्समनच्या मागं उभी होती. तिनं आकड्यांपेक्षा त्याच्या बोटांकडे जास्त पाहिलं. स्क्रीनवर एक चौकोन होता, हवेच्या तापमानाचा. गरम हवेत इंजिनाची ताकद कमी पडते, म्हणून मशीन हिशोबात थोडी भर घालून देतं. तापमान जितकं जास्त भराल तितकी भर मोठी. त्या चौकोनात पहिल्या फेरीला अडतीस होते, दुसऱ्या फेरीला चव्वेचाळीस, तिसऱ्या फेरीला एकोणपन्नास. ते भरताना सेल्समनच्या तोंडातून वाफ निघत होती.

कॉफीच्या मशीनपाशी तिनं मामांना गाठलं.

"मामा, त्यानं एकोणपन्नास डिग्री टाकलंय."

मामांनी स्वेटरची चेन हनुवटीपर्यंत ओढली. "इंजिनाचं असेल."

"हवेचं, मामा."

"हे बघ ताई. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे मशीन लोकांना कागद देतंय, भाऊजींचा आकडा राखतंय आणि वर कॉफी फुकट आहे. तुझं नक्की दुखतंय कुठं?"

"मी ह्याच्यावर काम कसं करू? मी काही बदललं आणि पाच घोडे वाढले, तर ते माझे की त्याच्या थर्मामीटरचे?"

"निम्मे निम्मे लिही."

ती नानांकडे वळली. नाना चिठ्ठी हातात धरून उभे होते. त्यांनी ती वाचली, मग दोनदा दुमडली आणि पॅंटच्या मागच्या खिशात घातली, जिथं ते पार्किंगच्या पावत्या ठेवत.

परतताना मामा गॅरेजच्या व्हॅनमधून पुढं गेले. निळी गाडी नाना चालवत होते, ताई शेजारी. कोणत्याही विक्रेत्याला भेटून आलं की नाना घरी पोचेपर्यंत त्याचे किमान तीन दोष काढत. हा त्यांचा वर्षानुवर्षांचा दर होता. आज तीन सिग्नल गेले तरी टायबद्दलसुद्धा एक शब्द नाही.

चौथ्या सिग्नलला ते म्हणाले, "त्यानं तापमान किती भरलं होतं?"

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही पाहिलंत?"

"चष्म्याशिवाय मला तो स्क्रीन आहे की खिडकी ते कळत नाही. पण तीन फेऱ्यांत गाडी तापत गेली आणि आकडा तसाच. तापलेलं इंजिन थोडं तरी मरगळतं की नाही? तीन जिने चढून माणूस पहिल्या जिन्याइतकाच धापतो का?"

"अडतीस, चव्वेचाळीस आणि एकोणपन्नास."

"हं." सिग्नल हिरवा झाला, गाडी निघाली. "आणि तसंही चारशे बारा येणं शक्य नव्हतं."

"का?"

"कारण चारशे बारा कधी नव्हतेच."

मागच्यानं हॉर्न दिला. नानांनी गाडी बाजूला घेतली, एका बंद दुकानासमोर उभी केली आणि समोरच्या काचेकडे बघत बोलायला लागले.

"त्या ट्रकवर दोनच रोलर होते. मागचा शाफ्ट काढून पुढच्या चाकांवर पळवली. मोजले गेले दोनशे ब्याण्णव. मी म्हटलं, एवढेच? मग तो माणूस म्हणाला, पुढची चाकं घसरतायत, त्याचे चाळीस धरू. शाफ्ट काढलाय, त्याचे पन्नास. आणि ऊन बघा किती आहे, उन्हाचे तीस."

"उन्हाचे तीस?"

"ऊन होतं गं खरं."

ताईनं मनात बेरीज केली. "बरोबर येते."

"बेरीज बरोबरच होती. म्हणून तर बारा वर्षं टिकली." नानांनी स्टिअरिंगवरची नसलेली धूळ पुसली. "पुढं मी टर्बो बदलला, पंप बदलला, रेडिएटर मोठा घातला. पुन्हा मोजायला मात्र कधी नेली नाही. वाटायचं, एव्हाना झाले असतील चारशे बारा. झालेच असतील. आणि आज ते समोर आले, तर त्या अख्ख्या हॉलमध्ये ते मशीन खोटं बोलतंय हे खात्रीनं ठाऊक असलेला मी एकटा. आणि तोंड उघडायची सोय नाही."

ताईला हसू आलं. तिनं ते खिडकीकडं तोंड करून आवरायचा प्रयत्न केला, पण खांदे हलत होते.

"हस," नाना म्हणाले. "तुझ्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो."

"घेतलं तर तुमचा आकडा कायमचा सुरक्षित आहे, नाना. मामा म्हणतात ते खोटं नाही."

"आणि तू त्याच्यावर काम करणार?"

"नाही करणार."

नानांनी गाडी सुरू केली. "ती खोकीवाली कुठं म्हणालीस?"

"दोन तासांवर."

"उद्या जाऊ. मेहुण्यांना नको घ्यायला. ते विचारायच्या आधी आकडा सांगतात."

सकाळी ताई खाली आली तेव्हा नाना टायरांत हवा भरत होते.

"चाकं काढणार आहेत नाना तिथं."

"काढेपर्यंत असतातच ना," नाना म्हणाले. ज्याला दवाखान्यात जायचं असतं तो माणूस आधी दाढी करतो, त्यातलाच प्रकार.

खोक्यांचं वर्कशॉप एका लांब पत्र्याच्या शेडमध्ये होतं. मालकीण साठीच्या आसपास, केस बारीक कापलेले, चष्मा दोरीनं गळ्यात. तिथले कारागीर तिला नुसतं बाई म्हणत. ही मशीनं ती विकायची आणि स्वतः रोज वापरायचीही. शब्द मात्र ती पदरचे पैसे मोजावेत तसे मोजून द्यायची.

चाकं निघाली. गुडघ्याएवढी चार लाल खोकी आपापल्या छोट्या चाकांवर ढकलत आणली गेली. बाईंनी टॉर्क पाना नानांच्या हातात दिला.

"तुमची गाडी. तुम्ही आवळा."

नानांनी वीसच्या वीस नट स्वतः आवळले. हाताला काम मिळाल्यावर चेहरा थोडा माणसात आला. उठता उठता ते म्हणाले, "एरवी किती करते ते सांगून ठेवू का?"

"नको," बाई म्हणाल्या. "मग मला तेवढेच दिसायला लागतात."

गाडीच्या तोंडासमोर पंख्यापाशी एक तापमापक टांगलेला होता. नानांनी चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, तापमापक वाचला, चार पावलं चालत जाऊन स्क्रीन वाचला, परत येऊन तापमापक वाचला. दोन्हीकडे सतरा. ताई हे सगळं पाहत होती आणि पाहत नाही असं दाखवत होती.

तीन फेऱ्या झाल्या. तीनशे एक्केचाळीस. तीनशे अडतीस. तीनशे छत्तीस.

"कमी कमी होत गेले," नाना म्हणाले.

"तापली," बाई म्हणाल्या.

"तापणारच." एवढ्यापुरते ते समाधानी दिसले. मग त्यांचे ओठ हलले. चारशे बारातून तीनशे अडतीस गेले की चौऱ्याहत्तर उरतात, आणि बारा वर्षं जपलेले चौऱ्याहत्तर घोडे एका सकाळी तबेल्यात नाहीत असं कळलं की मालकाला बसायला काहीतरी लागतं. नाना एका स्टुलावर बसले. बाईंनी चहा आणून दिला. तो त्यांनी गरम असताना प्यायला नाही आणि गार झाल्यावर एका दमात संपवला.

"छान आहे मशीन," ते म्हणाले. "विचार करून कळवतो."

विचार करून कळवतो, असं म्हणून गेलेली गिऱ्हाइकं नानांच्या गॅरेजात आजवर किती आली होती याची तिला बरोबर कल्पना होती. एकही परत आलेलं नव्हतं.

ती बाईंकडे वळली. "चाकं लावायच्या आधी एक विचारू? चार हजारांवर धरून ठेवता येईल? पूर्ण ओझ्याखाली?"

"किती वेळ?"

"एक मिनिट तरी."

"दोन घे."

ताई गाडीत बसली आणि पाय खाली दाबला. एरवी अशा वेळी गाडी सुटते. खोक्यांनी तिला सुटू दिलं नाही. काटा चार हजारांवर आला आणि तिथं खिळला. रोलरांचा गडगडाट नाही, टायरांची घरघर नाही, वाऱ्याचा घोंगावा नाही. शेडभर फक्त इंजिन, एका सुरात, छातीवर ओझं घेऊन उभ्या असलेल्या पैलवानासारखं.

नाना स्टुलावरून उठले.

"हे असंच राहणार?"

"सांगाल तोवर," बाई म्हणाल्या.

पस्तीस वर्षं या माणसानं आवाज पळता पळता पकडले होते. गाडी जोरात निघाली की सेकंदभर काहीतरी कानाला लागायचं आणि पुढच्या सेकंदाला ट्रक, वारा नाहीतर मेहुणे आडवे यायचे. आज आवाज पळत नव्हता. त्यांच्यासाठी थांबला होता. नानांनी भिंतीवरच्या खिळ्याला लटकणारा रबरी नळीचा हातभर तुकडा न विचारता घेतला, एक टोक कानात धरलं आणि दुसरं टोक इंजिनावरून फिरवायला लागले, डॉक्टरनं पाठ तपासावी तसे, हळूहळू.

एका जागी नळी थांबली. पुढं गेली, परत तिथंच आली.

"सुस्कारा," ते म्हणाले. "टर्बो आणि त्याची हवा गार करणाऱ्या कूलरच्या मधे. कोणीतरी दातांतून श्वास सोडतंय."

"मला काहीच ऐकू येत नाही," गाडीतून ताई ओरडून म्हणाली.

"तुला लॅपटॉप ऐकू येतो. त्याला विचार."

तिनं विचारलं. टर्बो हवा तेवढा दाब देत होता खरा, पण त्यासाठी हवं त्यापेक्षा बरंच जास्त राबत होता. हे तिनं रस्त्यावरही कधीतरी पाहिलं होतं, पण दोन सेकंदांचं रेघोट्यांचं जाळं पाहून टर्बो म्हातारा झालाय असं समजून सोडून दिलं होतं. आता पूर्ण मिनिटभराची सरळ रेघ समोर होती आणि ती म्हाताऱ्याची नव्हती.

"नाना, बरोबर आहे. हवा कुठंतरी जातेय."

"कुठंतरी नाही. इथं जातेय."

इंजिन बंद केलं, थंड होऊ दिलं. क्लॅम्प सोडवला तर त्याच्या खाली रबरी पाइपाला नखाएवढी चीर. हातानं दाबली तर मिटलेली, आतून दाब आला की ओठ उघडणारी.

"क्लॅम्प फार आवळलाय," बाई म्हणाल्या. "कोणी बसवला?"

शेडमध्ये तीन कारागीर, दोन पाहुणे आणि एक मालकीण असे सहा जण होते. नानांनी सगळ्यांकडे एकेकदा पाहून घेतलं.

"मी," ते म्हणाले.

पाइपाचं टोक कापून टाकलं, क्लॅम्प पुन्हा बसवला, या वेळी बेतानं. पुन्हा तीन फेऱ्या. तीनशे साठ. तीनशे एकोणसाठ. तीनशे सत्तावन्न.

नानांनी आकडे पाहिले आणि हसले. चारशे बाराच्या चिठ्ठीखाली खुर्ची मांडणारा माणूस हसतो तसं ते हसू नव्हतं. गाठ सुटल्यावर दोरीला जसं वाटत असेल तसं काहीतरी. "एकवीस घोडे," ते म्हणाले. "एका चिरेतून पळत होते."

बाईंनी छापायच्या आधी विचारलं, "तिघांतला कुठला?"

"मधला."

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. मामा होते. तिनं तो नानांसमोर धरला.

"काय हो भाऊजी, न सांगता गेलात. किती दाखवले?"

"तीनशे एकोणसाठ."

मग मामा म्हणाले, "लाइन खराब आहे."

"लाइन चांगली आहे, मेहुणे. हे मशीन आपण घेतोय."

"भाऊजी, हळू बोला. इथं ऑफिसात एक गृहस्थ बसलेत. चारही चाकं ओढणारीच गाडी आहे, लांबून आलेत. तुमच्या भिंतीकडं बघतायत."

"फोन द्या त्यांच्याकडं."

"कशाला?"

"द्या हो."

फोन हलला, खुर्ची सरकली, एक अनोळखी आवाज आला. नानांनी घसा साफ केला. ताई पाहत होती. त्यांचा हात चष्म्याच्या काडीशी उगाच खेळत होता.

"नमस्कार. भिंतीवर जो आकडा दिसतोय तो माझ्याच गाडीचा आहे, पण तो चुकीचा आहे. चूक माझी. आज नीट मोजली, तीनशे एकोणसाठ आहेत. म्हटलं, तुम्ही आपली गाडी सोपवायच्या आधी सांगावं."

पलीकडच्या माणसानं विचारलं, "मग माझी किती होईल?"

"मोजल्याशिवाय नाही सांगणार."

"मला मागं एकानं चारशे ऐंशी सांगितलेत."

"ऊन होतं का त्या दिवशी?" नानांनी विचारलं.

"काय?"

"काही नाही. आमचं मशीन सहा आठवड्यांत येईल. तेव्हा आणा. कमी भरले तर का कमी भरले ते शोधू."

मग तो माणूस मामांना म्हणाला, ते फोनमधून स्वच्छ ऐकू आलं, "माझं नाव लिहून घ्या. पहिलं."

फोन परत मामांकडे गेला. "भाऊजी," मामांचा आवाज जरा बारीक झाला होता, "त्या चिठ्ठीचं काय करू?"

"काढू नका. मी घरी आलो की तिची सगळी गोष्ट सांगतो. बसून ऐकायची आहे. तुमच्या अक्कालाही बोलवा, म्हणजे मला एकदाच बोलणी खावी लागतील."

फोन ठेवला तेव्हा ताईच्या हातात छापलेला कागद होता. नानांनी तो घेतला आणि उलटा धरला. तिनं सरळ करून दिला. त्यांनी चष्मा सारखा केला आणि रेघेवरून बोट न्यायला लागले, डावीकडून उजवीकडे, वर वर. पाच हजारांच्या जरासं पुढं बोट थबकलं.

"इथं ही खळगी कसली?"

"मघापासून मीही तेच बघतेय. पेट्रोल कमी पडतंय बहुतेक. तक्त्यात बदलून बघावं लागेल."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे पाच हजारांवर धरून बघायला हवं. मी आकडे बघते, तुम्ही ऐका."

नानांनी घड्याळ पाहिलं. दोन तासांचा रस्ता होता आणि त्यांनी बाईंचा अर्धा दिवस खाल्ला होता. विचारावं की नको, या विचारात ते उभे राहिले.

बाईंनी दोरीला लटकणारा चष्मा डोळ्यांवर चढवला.

"चाकं अजून काढलेलीच आहेत," त्या म्हणाल्या.